भिंत, ईझल आणि शिळा : राजा रविवर्मा यांचे चरित्र

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील भारतीय चित्रकलेचा विचार राजा रविवर्मा यांना वगळून करता येत नाही, आणि त्यांना समाविष्ट करून तो निर्वेधपणे पुरा होतो असेही नाही. त्यांच्या हयातीत त्यांना जेवढी कीर्ती लाभली तेवढी त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही भारतीय चित्रकाराला लाभली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या वर्षभरात त्यांच्या कलेवर जो कठोर आक्षेप घेतला गेला, तोही तितकाच अपूर्व होता. हा वाद केवळ कलासमीक्षकांचा आहे असे मानून साहित्याच्या अभ्यासकाला त्याकडे पाठ फिरविता येणार नाही. शकुंतला, दमयंती, सैरंध्री, गंगा, मेनका ही नावे उच्चारताच विसाव्या शतकातील सर्वसामान्य भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर जी रूपे उभी राहिली, त्यांतील बरीचशी रविवर्म्यांच्या कुंचल्यातून उतरली होती. महाकाव्ये आणि संस्कृत नाटके यांच्या आधुनिक काळातील वाचनावर एका चित्रकाराने एवढा प्रभाव पाडावा, ही घटना साहित्येतिहासाच्याही कक्षेत येते.

या प्रभावाचे मूळ शोधताना रविवर्म्यांच्या प्रतिभेइतकेच त्यांच्या साधनांकडे लक्ष द्यावे लागते. तैलरंग, ताणून बसविलेला कॅनव्हास आणि तो उभा धरणारी तीन पायांची लाकडी घोडी, म्हणजेच ईझल, या त्रयीने चित्रकाराचे बसणे-उठणे, पाहणे, प्रवास आणि उपजीविका या सर्वांतच पालट घडवून आणला. ईझल हा शब्द मुळात डच भाषेतील गाढव या अर्थाच्या शब्दावरून आला. मुकाट्याने ओझे वाहणारे जनावर हीच त्यामागील कल्पना होय. या ओझे वाहणाऱ्या साधनाच्या आधारानेच रविवर्म्यांच्या चरित्राचा मार्ग रेखला गेला आहे.

२

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. किळिमानूरचे घराणे राज्य करणारे नव्हते. परंतु त्रावणकोरच्या राजघराण्याशी पिढ्यान्‌पिढ्या शरीरसंबंध असल्यामुळे त्याला संस्थानात मोठी प्रतिष्ठा होती. केरळातील मातृवंशीय पद्धतीनुसार मुलाचे घर म्हणजे आईचे घर, आणि त्याच्या शिक्षणाची जबाबदारी मामाची. आई उमांबा तंपुराट्टी या स्वतः काव्यरचना करीत. ‘पार्वतीस्वयंवरम्’ ही त्यांची रचना प्रसिद्ध आहे. वडील नीलकंठन् भट्टतिरिप्पाड हे संस्कृतचे जाणकार होते. धाकटे बंधू राजराजवर्मा आणि भगिनी मंगलाबाई याही पुढे चित्रकलेत निपुण झाल्या. अशा घरात कथकळीचे प्रयोग, आट्टक्कथांचे पाठ आणि संस्कृत काव्यांचे वाचन हा नित्याचा व्यवहार होता. रविवर्म्यांनी पुढे जे विषय हाती घेतले ते त्यांना कोणा आश्रयदात्याने प्रथम सुचविलेले नव्हते. ते कानांवर पडतच ते लहानाचे मोठे झाले होते.

मामा राजराजवर्मा यांना तंजावरी पद्धतीच्या चित्रकलेचे ज्ञान होते, आणि भाच्याचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली झाले. ही तंजावरी पद्धती मराठा राजांच्या आश्रयाने वाढलेली होती. लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडू व डिंक यांचा लेप देऊन, दागिन्यांच्या व महिरपींच्या जागी उठाव आणून त्यावर सोन्याचा वर्ख बसविण्याची तिची रीत होती. चित्रकार जमिनीवर मांडी घालून बसे आणि फळी समोर आडवी ठेवून तिच्यावर वाकून काम करी. केरळाची स्वतःची परंपरा याहून जुनी होती. ती मंदिरांच्या आणि राजवाड्यांच्या भिंतींवरील चित्रांची. पद्मनाभपुरम् आणि मट्टांचेरी येथील राजवाड्यांत ती आजही पाहावयास मिळते. तेथे चुन्याच्या गिलाव्यावर मोजक्या रंगांत देवतांची रूपे रेखली जात, आणि ती ध्यानश्लोकांत सांगितलेल्या लक्षणांना धरून असत.

या दोन्ही पद्धतींत चित्र आणि चित्रकार यांच्यातील अंतर ठरलेले होते. भिंत हलत नाही, म्हणून चित्रकार तिच्याकडे जातो. फळी आडवी असते, म्हणून चित्रकार तिच्यावर वाकतो. काम चालू असताना चार पावले मागे सरून, समोरच्या माणसाकडे आणि त्याच्या चित्राकडे एकाच दृष्टिक्षेपात पाहण्याची सोय दोहोंतही नाही. परंपरेला तिची गरजही नव्हती. कारण देवतेचे रूप डोळ्यांनी समोर पाहून काढावयाचे नसून मनात धारण करून काढावयाचे होते.

३

१८६२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, रविवर्मा मामांबरोबर तिरुवनंतपुरम येथे आले. गादीवर आयिल्यम तिरुनाळ महाराज होते. त्यांना संगीत, नाट्य आणि चित्र यांची आवड होती. मुलाची रेखाटने पाहून त्यांनी त्याला आश्रय दिला, आणि राजवाड्यातील चित्रे व युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती असलेले ग्रंथ त्याला पाहावयास मिळू लागले.

तैलरंग मात्र कोणी शिकवीना. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना ही विद्या अवगत होती. पण राजघराण्याशी नाते असलेला हा होतकरू मुलगा उद्या आपला प्रतिस्पर्धी होईल हे ओळखून त्यांनी ती देण्याचे नाकारले. त्यांचा शिष्य आरुमुखम पिळ्ळै याने रात्री चोरून येऊन रंग कसे मिसळावे हे रविवर्म्यांना दाखविले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केली आहे. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार महाराजांची चित्रे काढण्यासाठी आला. त्यानेही शिकविण्याची तयारी दर्शविली नाही. महाराजांच्या शब्दाखातर त्याने एवढीच सवलत दिली की, आपण काम करीत असताना या तरुणाने बाजूला उभे राहून पाहावे.

हे पाहणे हेच रविवर्म्यांचे विधिवत् शिक्षण होय. ते काही कलाशाळेत गेले नाहीत, आणि परदेशालाही कधी गेले नाहीत. मात्र जे पाहावयाचे होते ते ईझलवरील कामातून नीट पाहता येते. आडव्या फळीवर वाकलेल्या कारागिराचे काम त्याच्याच अंगाआड जाते. उभ्या कॅनव्हासवर चाललेले काम खोलीतील कोणालाही दिसते. पुढचे दोन पाय आणि त्यांतील खुंट्यांवर टेकलेला कॅनव्हास, मागचा पाय पुढे-मागे सरकवून साधलेला कल, ओल्या तेलावर उजेडाची तिरीप येऊन डोळे दिपू नयेत म्हणून वरची कड किंचित पुढे झुकविण्याची रीत, एका बाजूच्या खिडकीतून घेतलेला प्रकाश, रंगाचा हात देऊन मागे सरणे आणि पुन्हा पुढे येणे या साऱ्या गोष्टी शब्दांवाचून शिकता येण्याजोग्या होत्या. तैलरंग सावकाश वाळतो. त्यामुळे एका छटेतून दुसरी छटा काढता येते, काल केलेली चूक आज झाकता येते, आणि कातडीची उब, रेशमाची चकाकी व मोत्याचे तेज वेगवेगळे दाखविता येते. ही विद्या आत्मसात करण्यास रविवर्म्यांना काही वर्षे लागली. गुरूने नाकारलेली विद्या डोळ्यांनी मिळविणारा एकलव्य अशी तुलना केरळात केली जाते. तीत अतिशयोक्ती फार नाही.

या दरम्यान, १८६६ मध्ये, मावेलिक्करा घराण्यातील भागीरथीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भागीरथीबाईंची थोरली बहीण लक्ष्मीबाई त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेलेली होती. तिचे पती केरळवर्मा वलिय कोयित्तंपुरान हे मलयाळम साहित्यातील युगप्रवर्तक लेखक. अशा रीतीने केरळ-कालिदास म्हणून ओळखला जाणारा कवी आणि पुढे शकुंतलेचा चित्रकार म्हणून ख्याती पावलेला कलावंत हे एकमेकांचे साडू झाले.

४

१८७० मध्ये मूकांबिकेची यात्रा करून रविवर्म्यांनी चित्रकला हा व्यवसाय म्हणून पत्करला. त्यांच्या घराण्यातील पुरुषाने पैसे घेऊन चित्रे काढावी, ही गोष्ट त्या काळी रूढीला धरून नव्हती. आजवर ज्या कामाकडे कारागिराचे काम म्हणून पाहिले जाई, ते प्रतिष्ठित गृहस्थाने हाती घ्यावे, हा बदल लहान नव्हता. त्याच वर्षी कालिकत येथील किळक्के पालाट कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाचे चित्र त्यांनी केले. त्यांच्या व्यावसायिक कामांतील ते आरंभीचे मानले जाते.

१८७३ मध्ये मद्रासच्या कलाप्रदर्शनात, केसांत मोगरीच्या फुलांची वेणी माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही ते गौरविले गेले. ईझलवरील चित्राचा एक विशेष येथे स्पष्ट होतो. ते पेटीत घालून पाठविता येते. भिंतीवरचे चित्र ज्या गावी काढले त्याच गावी राहते. कॅनव्हास समुद्र ओलांडतो, अनोळखी प्रेक्षकांसमोर उभा राहतो, आणि परीक्षकांच्या निवाड्याला सामोरा जातो. मंदिराच्या आवारातून बाहेर पडून प्रदर्शनाच्या दालनात आलेली ही कला आता भक्ताऐवजी प्रेक्षकाला उद्देशून होती.

१८७६ मध्ये मद्रासच्याच प्रदर्शनात रविवर्म्यांनी शकुंतलेचे चित्र मांडले. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या तिसऱ्या अंकातील तो प्रसंग होय. शकुंतला पालथी पहुडून कमलपत्रावर दुष्यंताला पत्र लिहीत आहे आणि दोघी सख्या जवळ आहेत. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ते चित्र विकत घेतले. मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या नंतरच्या एका आवृत्तीत हेच चित्र मुखचित्र म्हणून छापले गेले. युरोपने ज्या नाटकाच्या द्वारे संस्कृत साहित्याची ओळख करून घेतली, त्या नाटकाच्या नायिकेला आता एका भारतीय चित्रकाराने दिलेला चेहरा लाभला.

कालक्रमाकडे लक्ष दिले असता एक सूचक गोष्ट आढळते. किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले ते १८८० मध्ये. केरळवर्म्यांचे मलयाळम शाकुंतल प्रसिद्ध झाले ते १८८२ मध्ये. रविवर्म्यांचे चित्र या दोहोंच्या आधीचे. यात कोणी कोणाचे अनुकरण केले असे म्हणण्याचे कारण नाही. एकाच दशकाच्या अवधीत चित्रकार, नाटककार आणि भाषांतरकार हे तिघेही आपापल्या माध्यमात शकुंतलेला पुन्हा बोलावीत होते एवढेच त्यावरून दिसते. मात्र तिघांच्याही हाती संस्कृत संहिता होती, आणि तिघेही ती संस्कृत न जाणणाऱ्यांपर्यंत नेत होते.

भिंतीवरील चित्राच्या पाठीशी ध्यानश्लोक होता. रविवर्म्यांच्या कॅनव्हासमागे काव्य आणि नाटक उभे राहिले. ध्यानश्लोक देवतेचे कालातीत रूप सांगतो, तर नाटक एक क्षण सांगते. शतक संपत असताना रविवर्म्यांनी केलेले शकुंतलेचे दुसरे प्रसिद्ध चित्र याचे उत्तम उदाहरण आहे. पायात रुतलेला दर्भ काढण्याच्या निमित्ताने ती थांबून मागे पाहते, हा प्रसंग कालिदासाने दुसऱ्या अंकात दुष्यंताच्या मुखातून विदूषकाला सांगविला आहे. तेथे ती एका प्रेमिकाने केलेली आठवण आहे, आणि तिच्यात आत्मसमाधानाचाही भाग असू शकतो, हे कालिदासाला ठाऊक आहे. रविवर्म्यांनी ती आठवण प्रत्यक्ष घडताना दाखविली. दुष्यंत चौकटीत नाही. तो कोठे आहे हे शकुंतलेच्या वळलेल्या मानेवरून प्रेक्षकाने ओळखावयाचे आहे. संहितेतील संदिग्धता यात उणावली, हे खरे. पण शब्दांत सांगितलेली गोष्ट दृष्टीच्या एका रेषेवर तोलून धरण्याची नाट्यबुद्धी येथे दिसते, तीही नाकारता येत नाही.

५

१८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ महाराज निवर्तले. त्यांच्यामागून आलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांशी रविवर्म्यांचे संबंध सलोख्याचे राहिले नाहीत, आणि त्रावणकोरबाहेरचे जग त्यांना जवळ करावे लागले. या वळणावर त्यांना साहाय्य झाले ते सर टी. माधवराव यांचे. तंजावरच्या मराठी कुटुंबातील हे मुत्सद्दी पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते, आणि आता बडोद्याचा कारभार पाहत होते. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळाले. त्या निमित्ताने रविवर्मा बंधूंना बडोद्यास बोलावणे आले, आणि तेथे राहून त्यांनी राजकुटुंबाची व्यक्तिचित्रे केली. १८८५ मध्ये म्हैसूरच्या चामराजेंद्र वाडियार यांच्याकडून निमंत्रण आले. येथून पुढे रविवर्म्यांचे आयुष्य म्हणजे आगगाडीचा प्रवास आणि एका राजवाड्यातून दुसऱ्या राजवाड्यात मांडलेला ईझल असे झाले.

या प्रवासात एका ईझलशेजारी दुसरा ईझल नेहमी असे. धाकटे बंधू राजराजवर्मा हे निसर्गचित्रणात स्वतंत्रपणे नाव मिळविलेले कलावंत होते. थोरल्या भावाच्या अनेक चित्रांतील पार्श्वभूमी त्यांच्या हातची आहे. पत्रव्यवहार, हिशेब आणि प्रवासाची व्यवस्था हीदेखील तेच पाहत. त्यांनी इंग्रजीत ठेवलेली दैनंदिनी हे रविवर्म्यांच्या उत्तरायुष्याचे महत्त्वाचे साधन आहे. रविवर्म्यांच्या कीर्तीत या भावाचा वाटा किती, याचे मोजमाप करणे कठीण आहे. तो अल्प नव्हता, हे मात्र निश्चित.

१८८८ मध्ये सयाजीरावांनी रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील प्रसंगांवर १४ चित्रे काढण्याचे काम सोपविले. ते स्वीकारताच रविवर्म्यांपुढे एक प्रश्न उभा राहिला. राजाचे चित्र काढताना राजा समोर असतो. द्रौपदी किंवा दमयंती समोर कोठून आणावयाची, आणि तिने कोणते वस्त्र कसे नेसावयाचे? केरळची मुंडू नेसलेली सीता बडोद्यास परकी वाटली असती, आणि घागरा घातलेली सीता त्रावणकोरास. या शोधासाठी दोघे बंधू उत्तर भारतात दूरवर हिंडले. देशभर एकच एक प्राचीन पोशाख सापडणे शक्य नव्हते, आणि तसा तो सापडलाही नाही. अखेरीस त्यांनी साडी निवडली. त्यातही मराठी पद्धतीच्या नेसणीचा त्यांच्या पौराणिक नायिकांवर ठसा आहे. निऱ्या, काठ आणि पदर यांची अंगाबरोबर फिरणारी वळणे तैलरंगाच्या छायाप्रकाशाला अनुकूल होती, हेही त्याचे एक कारण असावे. १८९० मध्ये ही चित्रे पुरी झाली. विश्वामित्र-मेनका, शंतनू-गंगा, हरिश्चंद्र-तारामती, कीचक-सैरंध्री, अर्जुन-सुभद्रा असे त्यांचे विषय होते. ज्या काळी एका प्रांतातील वाचकाला दुसऱ्या प्रांतातील साहित्य क्वचितच ठाऊक असे, त्या काळी सर्व प्रांतांना ओळखीची वाटेल अशी पौराणिक स्त्रीची एक समान प्रतिमा या चित्रांनी तयार केली. म्हैसूरच्या संग्रहातील निरनिराळ्या प्रांतांच्या ११ वादक-गायक स्त्रियांच्या समूहचित्रातही हीच अखिल भारतीय दृष्टी आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी पाठविलेली १० चित्रेदेखील भारतातील विविध समाजांच्या स्त्रियांची होती. त्यांना तेथे दोन पदके मिळाली.

मात्र या समानतेची किंमतही होती. प्रांतोप्रांतीच्या लोककथांत आणि रंगभूमीवर शकुंतला-द्रौपदी यांची जी नाना रूपे होती, त्यांना एका सुंदर, गौरवर्ण, उच्चवर्णीय प्रतिमेने झाकून टाकले. महाभारतातील द्रौपदी श्यामवर्णा आहे, ही गोष्ट चित्रे पाहणाऱ्यास सहसा आठवत नाही.

६

ईझलवरील चित्र एकच असते. बडोद्याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले तेव्हा ती पाहण्यास लोटलेल्या गर्दीवरून हे उघड झाले की, ज्यांना चित्र हवे आहे त्यांतील बहुसंख्य लोकांना ते कधीच मिळणार नाही. माधवरावांनी ही अडचण १८८४ मध्येच ओळखली होती. एका चित्रकाराला दोनच हात असतात, मागणी मात्र अमर्याद आहे. तेव्हा निवडक चित्रे युरोपला पाठवून त्यांच्या तैलाभासी प्रती छापवून घ्याव्या, असे त्यांनी रविवर्म्यांना पत्राने सुचविले होते. रविवर्म्यांनी दहा वर्षांनी ती सूचना स्वीकारली. पण चित्रे युरोपला न पाठविता त्यांनी छापखानाच मुंबईस आणला. १८९४ मध्ये गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत गिरगावात हा शिळाछापखाना सुरू झाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आले. पहिले छापलेले चित्र शकुंतलाजन्माचे होते.

शिळाछापाची प्रक्रिया ईझलच्या नेमकी उलट आहे. चित्रकार एका कॅनव्हासवर सर्व रंग एकमेकांत मिसळतो. छापखान्यात तेच रंग पुन्हा वेगळे करावे लागतात. प्रत्येक रंगासाठी चुनखडीची गुळगुळीत शिळा वेगळी, तिच्यावर चित्राचा तेवढाच भाग स्निग्ध शाईने उलटा उतरविलेला, आणि एकाच कागदावर एकामागून एक शिळांचे ठसे तंतोतंत जुळविलेले अशी ती रीत होती. कॅनव्हासच्या विणीचा भास व्हावा म्हणून कागदाला उठाव देण्यात येई, आणि तेलाची चकाकी यावी म्हणून वरून व्हार्निश चढविण्यात येई. ज्यांच्या घरी मूळ तैलचित्र येण्याची कधीही शक्यता नव्हती, त्यांच्या भिंतीवर तैलचित्राची ही छाया जाऊन बसली.

व्यवहाराच्या दृष्टीने छापखाना यशस्वी झाला नाही. भागीदारी मोडली, कर्ज झाले, आणि १८९६ पासून मुंबईत पसरलेल्या प्लेगमुळे कामगार पांगले. छापखाना प्रथम घाटकोपरला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. त्यानंतरही तो चालू राहिला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो नष्ट झाला. या छापखान्यासाठी काही काळ काम केलेल्यांत धुंडिराज गोविंद फाळके हेही होते. त्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट केला. स्थिर चित्रातील पौराणिक जग हलत्या चित्रात नेणारा माणूस या शिळांच्या सान्निध्यात वावरला होता, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

७

अखेरच्या वर्षांत मानसन्मान येत राहिले. १९०० मध्ये रविवर्म्यांच्या दोन नातींना त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक घेण्यात आले. त्यांपैकी सेतुलक्ष्मीबाई यांनी पुढे १९२४ ते १९३१ या काळात संस्थानाचा राज्यकारभार पाहिला. १९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पुत्र रामवर्मा यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. वडिलांना जे दाराआडून पाहावे लागले, ते मुलाला वर्गात बसून शिकता आले.

परंतु जानेवारी १९०५ मध्ये राजराजवर्मा यांचा अकाली मृत्यू झाला आणि दोन ईझलांची ती जोडी तुटली. म्हैसूरसाठी हाती घेतलेली चित्रे रविवर्म्यांनी एकट्याने पुरी केली. रावणाने जटायूचे पंख छाटल्याचा प्रसंग याच अखेरच्या काळातील आहे. मधुमेहाने प्रकृती खालावली होती. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, किळिमानूर येथे त्यांचे निधन झाले.

१९०७ मध्ये आनंद कुमारस्वामी यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात त्यांच्या कलेची परखड चिकित्सा केली. भगिनी निवेदिता आणि हॅवेल यांचेही मत प्रतिकूल होते. पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेची शरीरमुद्रा निवेदितांना प्राचीन आदर्शाला सोडून असलेली वाटली. आक्षेपांचे सार असे की, विषय भारतीय असला तरी दृष्टी परकी आहे. देवता माणसांसारख्या आणि माणसे नाटकातील पात्रांसारखी झाली आहेत. बंगालमध्ये अवनींद्रनाथांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या नव्या चित्रपंथाला हे मत पोषक ठरले, आणि पुढे अनेक वर्षे सुशिक्षितांत रविवर्म्यांचे नाव काहीशा अवहेलनेने घेतले गेले. त्याच बंगालमध्ये काही काळापूर्वी बलेंद्रनाथ ठाकूर आणि रामानंद चटर्जी यांच्यासारख्यांनी त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले होते, हे तितकेसे लक्षात राहिले नाही. पुढे १९७९ मध्ये त्यांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा देण्यात आला, १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि पुनर्विचारास चालना मिळाली. मराठीत त्याआधीच, १९८४ मध्ये, रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीने त्यांना सामान्य वाचकांपुढे आणले होते.

आक्षेपकांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे आज म्हणता येणार नाही. रविवर्म्यांच्या पुष्कळ चित्रांत रंगभूमीवरील स्तब्ध दृश्याचा कृत्रिमपणा आहे, आणि करुणरस कित्येकदा अश्रूंपुरताच उरतो. पण परकी दृष्टी हा शब्दप्रयोग मात्र तपासून घ्यावा लागतो. त्यांनी बाहेरून घेतले ते साधन. त्या साधनापुढे जे उभे केले ते आट्टक्कथा, कालिदास आणि व्यास यांच्या वाचनातून आलेले होते. याच काळात भारतीय भाषांतील लेखकांनी कादंबरी, सुनीत आणि शोकांतिका हे प्रकार पाश्चात्त्यांकडून घेतले, आणि त्यांत आपले अनुभव ओतले. त्यांना परकीय ठरविले गेले नाही. चित्रकाराला मात्र निराळा न्याय लावण्यात आला. कदाचित चित्रात साधन डोळ्यांना थेट दिसते आणि भाषेत ते झाकले जाते, हेच या भेदाचे कारण असेल.

रविवर्म्यांच्या कार्याचा शेवट प्रदर्शनाच्या दालनात झाला नाही. छापखान्यातून निघालेल्या त्यांच्या लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी, दुकानांत आणि शाळांत चौकटीत बसविल्या गेल्या. त्यांना हळदकुंकू लागले, हार चढले, उदबत्ती ओवाळली गेली. चार हातांत ठरलेली आयुधे व चिन्हे घेतलेल्या या मूर्तींच्या मागे पुन्हा ध्यानश्लोकच होता. ज्या चित्राने भिंत सोडून ईझलचा आश्रय घेतला आणि प्रेक्षक शोधला, ते शिळेच्या मार्गाने पुन्हा भिंतीवर आले, आणि प्रेक्षक पुन्हा भक्त झाला. फरक एवढाच की, पूर्वी ती भिंत मंदिराची किंवा राजवाड्याची असे, आणि मंदिरात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांना देवतेचे दर्शन दुरूनच घ्यावे लागे. आता ती भिंत चाळीतल्या खोलीची होती, आणि काही आण्यांत मिळणाऱ्या चित्राला विटाळ नव्हता. त्रावणकोरात मंदिरप्रवेशाची घोषणा व्हावयास १९३६ साल उजाडावे लागले. त्याच्या कितीतरी आधी त्रावणकोरच्या या चित्रकाराच्या देवता सर्वांच्या घरी जाऊन पोहोचल्या होत्या. रविवर्म्यांच्या कलेचे मूल्यमापन करताना रेषा, रंग आणि रस यांच्याबरोबर ही गोष्टही हिशेबात धरणे आवश्यक आहे.